बेचाळिसावी वही

आवक-जावक विभागातल्या बाईंना सगळं कार्यालय पाठीमागे चिकटबाई म्हणायचं. एक तर त्यांच्या बोटांना सदा खळ लागलेली असायची, आणि दुसरं म्हणजे वापरलेला कागद टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. आलेल्या टपालाची पाकिटं त्या फाडत नसत, पट्टीच्या धारेने हलकेच उकलत. आतलं पत्र साहेबांकडे जायचं आणि पाकीट बाईंच्या खणात. जुन्या कॅलेंडरचं पान, बुटांच्या खोक्याचं झाकण, फाइलचा मोडका पुठ्ठा, कोणाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, काही म्हणजे काही सुटायचं नाही. आपल्याला काय नाव पडलंय हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवण्यात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. हेच नाटक रंगमंचावर केलं असतं तर निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या.

वह्यांचं खूळ सुरू झालं ते एका लिफ्टमनपासून. हा माणूस छत्तीस वर्षं वरखाली करून निवृत्त झाला आणि निरोपाच्या दिवशी त्याला एक छापील कार्ड मिळालं, त्यावर नाव भलत्याचंच होतं. त्याने ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. चिकटबाईंना दया आली असं कोणी म्हणेल, पण दयाबिया काही नाही, त्यांचं डोकं फिरलं. आठवड्याने लिफ्टमन राहिलेले कागद न्यायला आला तेव्हा बाईंनी त्याच्या हातात एक वही ठेवली.

वहीत विकतचं काही नव्हतं. फाइलचे दोन पुठ्ठे, त्यांवर कॅलेंडरची कोरी पाठ. आत खाकी कागदाची पानं, चमच्याच्या पाठीने दाबून मारलेल्या घड्या, मेण लावलेल्या दोऱ्याची शिवण. मैद्याची खळ मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत घोटलेली, आणि तिच्यात चिमूटभर तुरटी, कारण तुरटी नसेल तर वर्षभरात कागदाला कसर लागते. फोटो बाई कधीच चिकटवायच्या नाहीत. पाकिटाचा कोपरा कापला की आपसूक एक तिकोनी टोपी मिळते. तशा चार टोप्या फोटोच्या चार कोपऱ्यांना घालायच्या आणि टोप्यांच्या पाठीला तेवढी खळ लावायची. फोटो जागचा हलत नाही, आणि उद्या काढावासा वाटला तर फाटतही नाही. दर दोन पानांमध्ये शिवणीपाशी पुठ्ठ्याची बोटभर पट्टी, म्हणजे फोटो भरल्यावर वही फुगून आ वासत नाही. शेवटच्या पानावर एक आख्खं पाकीट, त्यात सगळ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या.

लिफ्टमन ती वही पोटाशी धरून जिन्याने खाली उतरला. लिफ्ट चालू होती तरी.

पुढच्या निरोपाला कोणीतरी म्हणालं, बाई, यांचीही करा ना. त्याच्या पुढच्या वेळी कोणी काही म्हणालं नाही, नुसती तारीख सांगितली. आयतं मिळालेल्याचं माणसाला एकदा नवल वाटतं, दुसऱ्यांदा बरं वाटतं आणि तिसऱ्यांदा तो त्याचा हक्क होतो. एकोणतीस वर्षांत बाईंनी एक्केचाळीस वह्या केल्या. कोणाची वही कोणी करायची असा नियम कुठल्याच कागदावर नव्हता, आणि म्हणूनच तो कोणाला मोडता येत नव्हता.

बाई काही साध्याभोळ्या नव्हत्या बरं. वहीत त्या मनातलं सगळं घालत. एका कामचुकार कारकुनाच्या वहीत त्यांनी त्याच्या रजेच्या अर्जांचा पंखा करून लावला, सगळ्या अर्जांत आजोबा वारलेले. त्याला वाटलं केवढी ही माया, डोळे पुसले गड्याने. कान टवकारून हिंडणाऱ्या एका बाईच्या वहीची पानं त्यांनी खिडकीच्या पाकिटांची केली, पलीकडचं सगळं दिसणारी. तिने ती शेजारणींना कौतुकाने दाखवली. आवडत्या माणसाची वही मात्र अशी बसायची की उघडावी आणि मिटूच नये. हा फरक कार्यालयात कोणाच्या बापाला कळला नाही. तो कळायचा एकाच माणसाला, आणि ते माणूस घरी होतं.

घरी ताई होती. बाईंची थोरली बहीण. दोघींनी लग्न केलं नाही. ताईने केलं नाही म्हणून धाकटीचं राहिलं. ताई मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवायची आणि धाकटीला सगळं तिनेच शिकवलं होतं, लाकडी पट्टी हातात घेऊन. कागद वाकडा कापला की पट्टी बोटांवर. आता ताईची बोटं संधिवाताने वेडीवाकडी झाली होती, साधा चमचा धरवत नव्हता, पण जीभ अजून सरळ रेषेत कापत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर पिळाला जोर चढला होता.

प्रत्येक वही कार्यालयात जाण्याआधी ताईच्या मांडीवर जायची. ताई अंगठा शिवणीवरून फिरवायची, पान उजेडाला धरायची, नाकाशी नेऊन खळीचा वास घ्यायची आणि निकाल द्यायची. हा माणूस तुला आवडत नाही. हिच्यावर तुझा जीव आहे. हे करताना तुला घाई होती. एकदाही चुकली नाही. लिफ्टमनच्या वहीला ती म्हणाली होती की बरी आहे, आणि त्या एका शब्दावर बाईंनी पुढची चाळीस वर्षंही काढली असती.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा ताईने विषय काढला. एक्केचाळिसावी वही मांडीवर होती.

“आता पुढची तुझी,” ताई म्हणाली. “ती कोण करणार?”

बाई म्हणाल्या, करतील की सगळे मिळून.

“कोणी करणार नाही, धाकटे. तू त्यांना सवय लावलीस, शिकवलं नाहीस. हात हलवत येशील घरी, लिहून ठेव.”

बाईंनी लिहून ठेवलं नाही, पण ते वाक्य त्यांच्या अंगात काट्यासारखं मोडून बसलं. सत्तावन्न वर्षं ताई त्यांच्या बाबतीत बरोबर ठरत आली होती. गाण्याचा वर्ग तुला झेपणार नाही, नाही झेपला. तो पाहुणा पुन्हा येणार नाही, नाही आला. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, ताईच्या मांडीवर दुसऱ्यांच्या हातची वही ठेवायची आणि तिचं तोंड बघायचं, एवढंच बाईंना हवं होतं. कशी का असेना. वाकडी असो, डाग पडलेली असो. उलट वाकडीच बरी.

शेवटच्या महिन्यात त्या पाळत ठेवू लागल्या. खणातली पाकिटं कमी होतायत का? झाली! सात-आठ पाकिटं गायब होती. बाईंनी खण मुद्दाम उघडा ठेवला आणि आणखी चांगली पाकिटं वर रचली. त्या आत आल्या की खिडकीपाशी चाललेलं बोलणं थांबायचं. एकदा कात्री दोन तास सापडली नाही, आणि परत आली तेव्हा पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लागलेला होता. बाईंना हसू आवरेना. त्यांनी खळ कशी घोटायची हे जेवणाच्या सुट्टीत कोणी न विचारता मोठ्याने सांगितलं, कोपऱ्याची टोपी कशी कापायची ते दाखवलं, पट्टी विसरली तर वही कशी फुगते तेही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर पाकिटं नेली होती बिलांच्या कारकुनाने, डबा गळतो म्हणून खाली घालायला. बोलणं थांबायचं कारण बाईंचं खिडकीजवळचं टेबल कोणाला मिळणार यावर दोघांची जुंपली होती. आणि कात्रीने पंख्याची वायर कापली होती.

निरोप शुक्रवारी होता. त्याच्या आदल्या शुक्रवारी समारंभबाई टेबलापाशी आली. वाढदिवस असो, बदली असो, कोणी मरो, माईक हिच्याच हातात असायचा, म्हणून ते नाव. ती गोड बोलायची आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची.

“बाई, एक वही लागेल. हेड ऑफिसातून मोठे साहेब येणारेत, त्यांना द्यायचीय. मोकळीच करा, फोटो आम्ही लावू. नावही आम्हीच घालू.”

“कधी हवी?”

“गुरुवारपर्यंत द्या ना.”

क्षणभर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मोकळी वही, नाव नको, गुरुवार. पण लगेच त्यांनी स्वतःलाच झापलं. ज्याचं लग्न त्याला आमंत्रणं वाटायला लावतात हे ठीक, पण ज्याची भेट त्यालाच ती करायला लावतील इतके निर्लज्ज हे नसतील. नाही, आपली वही कुठेतरी शिवली जातेय. ही खरोखरच मोठ्या साहेबांची.

आणि मग त्यांना जो राग आला तो एकोणतीस वर्षांचा साठलेला राग होता. शेवटच्या आठवड्यातसुद्धा दुसऱ्याचीच वही! ज्याने आयुष्यात या टेबलाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याची! बाईंनी ठरवलं, करायची. अशी करायची की वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

त्यांनी खळ कच्चीच उतरवली. तुरटी घातली नाही. कागद त्याच्या धाग्याला आडवा कापला, म्हणजे घडी चारदा उघडली की तिथे चीर जाते. शिवणीपाशी पट्ट्या घातल्याच नाहीत. कोपऱ्यांच्या टोप्या इतक्या मोठ्या कापल्या की फोटो आत खुळखुळावा. दोऱ्याला मेण नाही, पानं वजनाखाली दाबली नाहीत, सुरकुत्या तशाच वाळू दिल्या. वर मात्र कॅलेंडरमधलं सगळ्यात सुंदर निळ्या तळ्याचं चित्र ताणून लावलं. सहा महिन्यांत हिचं पान न् पान हातात येईल, असा अंदाज त्यांनी बांधला, आणि असल्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकत नसे. काम वाईट करायलाही कसब लागतं. बाई गुणगुणत होत्या. कित्येक वर्षांत इतकं सुख त्यांना कशात मिळालं नव्हतं. ही एकच वही त्यांनी ताईला दाखवली नाही; कपाटात कपड्यांखाली वाळवली आणि गुरुवारी पिशवीत घालून नेली.

शुक्रवारी चहा झाला, बिस्किटं झाली. मोठे साहेब आले नव्हते. बाईंनी दोनदा दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, कोण मोठे साहेब?

तेवढ्यात समारंभबाईने माईक हातात घेतला आणि म्हणाली की आता एक गुपित उघड करायचंय. चकचकीत कागदात बांधलेलं काहीतरी पुढे आलं. कागद एका कोपऱ्याला फाटला होता आणि त्यातून निळं तळं दिसत होतं.

बाईंनी हात पुढे केले. करावेच लागले, सगळे टाळ्या वाजवत होते.

“रागावू नका हं,” समारंभबाई माईकमध्येच म्हणाली. “आम्हाला कोणालाच येत नाही, आणि विकतची दिली असती तर तुम्हाला आवडली नसती. म्हटलं, चिकटबाईंना चिकटबाईंच्याच हातची!”

नाव तिच्या तोंडून निसटलं होतं. सगळे हसले, साहेबसुद्धा. वाईट हसले नाहीत. तेच तर. कोणाच्या मनात बाईंविषयी आकस असता, तर निदान आकसापुरता तरी कोणी त्यांचा विचार केला असता. तेवढाही केला नव्हता. काम होतं, ते करणारा माणूस हाताशी होता, त्याच्याकडून करून घेतलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना आपली कल्पना फार छान वाटली.

उघडून दाखवा, असा गलका झाला. बाईंनी उघडली. पहिल्याच पानावरचा फोटो टोपीतून निसटून खाली पडला. तो उचलून देताना बिलांचा कारकून म्हणाला, “बाई, तुमच्या वहीतून कधी फोटो पडला नव्हता.” आत सहा फोटो होते. साहेब केक कापताना. साहेब सहलीत. समारंभबाई माईकसह. चौथ्यात गर्दीच्या मागे बाईंचं अर्धं तोंड दिसत होतं, पुढच्याच्या खांद्याने उरलेलं खाल्लं होतं. उरलेले दोन फोटो इमारतीचे. शेवटच्या पाकिटात नऊ चिठ्ठ्या होत्या, नऊ वेगळी नावं आणि अक्षर एकाचंच. सगळ्यांवर पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.

बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सुंदर केलीय.” मग खाली बसल्या.

कार्यालय सुटल्यावर त्या बसथांब्याच्या बाकावर बसल्या. वही तिथेच विसरावी असं त्यांच्या मनात आलं. दोन बस त्यांनी जाऊ दिल्या. विसरली असती तर हात हलवत घरी जायचं होतं, म्हणजे ताई पुन्हा बरोबर. नेली असती तर ताई अंगठा फिरवणार होती, आणि ताईचा अंगठा काही कार्यालयातला नव्हता, त्याने बाईंचा प्रत्येक टाका ओळखला असता.

तिसरी बस येईपर्यंत बाईंच्या डोक्यात उजेड पडला. ओळखील कशी? बाईंच्या हातचं वाईट काम ताईने कधी पाहिलंच नव्हतं. पट्टी विसरलेली वही, कच्ची खळ, आडवा कापलेला कागद, हे धाकटीने केलं असेल अशी शंकाही तिला यायची नाही. धाकटी सहा वर्षांची असल्यापासून ताईने मारून मारून तेवढंच तर शिकवलं होतं. ज्यांना येत नाही त्यांनी ओबडधोबड का होईना, मनापासून केली, असंच दिसणार. बाई ताडकन उठल्या. बसमध्ये त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत शेजारणीला दोनदा दाखवली.

ताई खिडकीपाशी खुर्चीत होती. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत, तशाच आत आल्या आणि वही तिच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?” ताईने विचारलं.

“माझी वही.”

“कोणी केली?”

“सगळ्यांनी मिळून. ऑफिसातल्या.”

ताईचं तोंड पडलं. खरंच पडलं, बाईंनी नीट पाहिलं. खालचा ओठ सैल झाला, डोळे वहीवरून धाकटीवर आणि धाकटीवरून पुन्हा वहीवर गेले, आणि अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचलं नाही. हे बघायला बाई एक वर्ष थांबल्या होत्या. ते फार तर अर्धं मिनिट टिकलं.

मग ताईने सवयीने अंगठा शिवणीवरून फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. वाकड्या बोटांनी एक पान कसंबसं धरून उजेडाकडे केलं, नाकाशी नेलं. चौथं पान उघडताना घडीला चीर गेली. ताई एकेक पान बघत राहिली, जराही घाई न करता, शाळेत वह्या तपासायची तशी, आणि जसजशी बघत गेली तसतसा तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“ज्याला येत नाही त्याचं काम असं नसतं,” ती म्हणाली. “ज्याला येत नाही तो खळ जास्त लावतो, दोरा चारदा गुंडाळतो. भीती असते ना त्याला, सुटेल म्हणून. ही ज्याने केली त्याला सगळं येतं. येत असून केलेलं नाही.”

बाईंनी पिशवीचा बंद खांद्यावर सावरला.

“तुला राग येईल, धाकटे, पण सांगते. हे करणाऱ्याच्या मनात माया नव्हती. नव्हती एवढंच नाही, सहा महिन्यांत फाटावी म्हणून केलीय कोणीतरी. कोण गं इतका तुझ्या वाईटावर?”

बाई खुर्चीपाशी तशाच उभ्या होत्या, पिशवी अजून खांद्याला. त्यांनी ताईच्या मांडीवरच्या निळ्या तळ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर हात हलवत आल्यासारखंच होतं, आणि खोटं रेटलं तर एकोणतीस वर्षं शेजारी बसलेलं कोणीतरी त्यांचा द्वेष करत होतं. 

“असेल कोणीतरी,” त्या म्हणाल्या.

“म्हटलं नव्हतं मी?” ताई म्हणाली आणि वही मिटून बाजूच्या स्टुलावर सरकवली.

बाईंनी चपला काढल्या, हात धुतले आणि पानं वाढली. ताईला भरवावं लागायचं. त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवली.